अलिबाग ते रेवदंडा : जोत्यांच्या वाटेने

अलिबागहून दक्षिणेला निघालेला रस्ता अक्षी, नागाव, चौल अशी गावे मागे टाकत सुमारे सतरा किलोमीटरवर रेवदंड्याला पोहोचतो. एस.टी.ने हे अंतर पाऊण तासाचे आहे आणि आजवर मी ते नेहमी खिडकीशी डुलक्या घेतच कापले होते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनमधून कौलारू घरे, एखादे देऊळ, एखादी पडकी कमान. एवढेच काय ते लक्षात राहिलेले. यंदा पौषात चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा हा रस्ता पायी चालायचा आणि देवळे-किल्ल्यांइतकेच लक्ष रस्त्याकडेच्या घरांकडे द्यायचे, असे ठरवून निघालो.

पहिला दिवस : अलिबाग

गेटवेवरून सकाळच्या बोटीने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग गाठले. उतरण्याची सोय एका ओळखीच्या गवंड्याच्या शेजारी झाली होती. माझा बेत ऐकून त्याने पहिलाच सल्ला दिला, "घराचं वय छपरावर बघू नका, जोत्यावर बघा. छप्पर दर पिढीला बदलतं." जोते म्हणजे घराखालचा दगडी चौथरा. पुढच्या चार दिवसांत मला हाच सल्ला सर्वांत उपयोगी पडला.

कुलाबा किल्ला भरतीमुळे दुरूनच पाहिला, आणि त्याचे फारसे वाईटही वाटले नाही, कारण त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शिवाजी महाराजांनी अखेरच्या वर्षी, १६८० मध्ये, त्याचे काम सुरू करवले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले, इतके सांगून गावात वळतो.

बाजाराच्या मागच्या अंगाला इस्रायल आळी आहे. बेने इस्रायल या यहुदी समाजाचे पूर्वज फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून इथे आले, असे तो समाज परंपरेने सांगतो. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी आसपासच्या गावांना 'शनिवार तेली' म्हणूनच ठाऊक होती. आळीतले मागेन आबोत हे प्रार्थनामंदिर १८४८ मध्ये बांधले गेले आणि १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. इस्रायल राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर पुढच्या दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. मराठी बोलणे त्यांनी तिथेही सोडले नाही. आळीतल्या घरांत आता बहुधा दुसरीच माणसे राहतात. एका बुटक्या कौलारू घराच्या सागवानी चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची तिरपी खाच दिसली. धर्मवचनाचा लेख जपणारी मेझुझा नावाची डबी यहुदी घरांच्या दारावर अनेकदा अशी तिरपी ठोकतात. डबी मालकांबरोबर गेली असावी. खिळ्यांची दोन भोके आणि तिच्याभोवती न लागलेल्या तेलपाण्याचा फिकट पट्टा तेवढा उरला होता. सध्याच्या घरमालकिणीने चौकटीला नवा रंग दिला होता, पण त्या खाचेपुरता ब्रश वळवून घेतला होता. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं होतं, तिथं हात लावायचा नाही."

संध्याकाळी वेधशाळेच्या कुंपणाशी रेंगाळलो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा ही बांधकामाच्या दृष्टीने मोठी नवलाची वास्तू आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जात होती. शहरात विजेवरची ट्राम येणार असे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने ती बिघडतील, म्हणून संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली इथे नवी जागा तयार झाली आणि १९०४ पासून काम सुरू झाले. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नव्यांशी नीट सांधा बसावा. इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. इतकेच नव्हे, तर आपला नेहमीचा काळा दगडही चालत नव्हता, कारण त्याच्या अंगातच लोहाचा अंश असतो आणि तो चुंबकसुईला भुलवतो. म्हणून पोरबंदरचा दगड तपासून घेतला गेला आणि खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या केल्या गेल्या. साऱ्या अष्टागराची, म्हणजे या वाड्यांच्या किनारपट्टीची, जोती ज्या दगडावर उभी आहेत, तो दगड या एका इमारतीला वर्ज्य ठरला, याची मला गंमत वाटली. गवंड्याला हे सांगितले तर तो पटकन म्हणाला, "मंग खर्च किती आला असेल!"

दुसरा दिवस : अक्षी आणि नागाव

सकाळी लवकर निघालो. कुरूळपर्यंतचा रस्ता वसाहतींचा आणि दुकानांचा आहे. त्यात थांबण्याजोगे काही नव्हते. साखर-अक्षीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की हवा बदलते, रस्ता अरुंद होतो आणि वाड्या अगदी हाताशी येतात.

अक्षीचा शिलालेख मी पूर्वी पाहिला होता तो रस्त्याकडेला, धुळीत, जवळजवळ बेवारस उभा. आता त्याची बरी व्यवस्था झाली आहे. अभ्यासकांच्या वाचनानुसार हा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत, अनेकांच्या मते सर्वांत जुना म्हणून, त्याची गणना होते. शिलाहार राजा केशीदेव याच्या काळात त्याच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या विधीसाठी, नऊ कुवली धान्याची व्यवस्था लावून दिली, असा त्याचा आशय लावला जातो. माझे लक्ष मात्र हिशेबाच्या भाषेने वेधून घेतले. हजार वर्षांपूर्वी या रस्त्यावर कोणाकडे तरी धान्य मोजायचे माप होते, ते साठवायला कोठार होते, आणि बोडण भरायला देवघर नाहीतर देऊळ होते. ती घरे लाकडा-मातीची असणार. त्यांतले काहीच उरले नाही, आणि मोजमापाचा आकडा दगडावर राहिला. दानाचा भंग करणाऱ्याला शिवी देणारी गाढवाची आकृती अशा दगडांवर खाली कोरलेली असते, म्हणून लोक त्यांना गधेगळ म्हणतात आणि त्यांना हात लावायला कचरतात. हे दगड पायरीत किंवा धुण्याच्या ठिकाणी कमी गेले असतील, तर त्याचे श्रेय त्या शिवीलाच द्यायला हवे.

दुपारी नागावात पोहोचलो. नागावातही भीमेश्वराच्या देवळाशी चौदाव्या शतकातला एक शिलालेख आहे, आणि त्यात शकाबरोबर हिजरी सनही दिलेला आहे. या किनाऱ्यावर अरबी समुद्रापलीकडचे व्यापारी किती मुरलेले होते, हे त्यावरून कळते. पण नागावातला माझा बहुतेक वेळ मुक्कामाच्या घरातच गेला, आणि तो सार्थकी लागला असे मी म्हणेन.

घर रस्त्याला तोंड करून आहे. पुढे शेणाने सारवलेले खळे, मग कंबरभर उंचीचे घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी कठड्याची ओटी, आत माजघर, उजव्या हाताला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. पडवीतून उतरले की न्हाणी. न्हाणीचे पाणी अळवाच्या वाफ्याला जाते. तिथून वाडी सुरू होते, ती थेट सुरूच्या बनापर्यंत, आणि बनापलीकडे समुद्र. रस्ता, घर, वाडी, सुरू, समुद्र हा क्रम या पट्ट्यात घरोघर सारखाच आहे. समुद्राकडे घराची पाठ असते. पाहुण्यांना समुद्र दिसणारी खोली हवी असते, आणि घर बांधणाऱ्यांना तर खारा वारा अंगावर नको होता. ही विसंगती मालक आजोबांनी हसत सांगितली. आता मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या निघाल्या आहेत आणि त्यांची भाडी घराच्या डागडुजीला पुरतात. पर्यटनाने कोकण बिघडले, ही तक्रार मीही करतो. पण हे घर आज उभे आहे ते त्या दोन खोल्यांमुळे, हे नाकारता येणार नाही.

दाराच्या चौकटीवर शके १८४९ कोरलेले आहे. आजोबांचे वडील गिरगावात नोकरीला होते आणि पगारातून दरमहा पैसे पाठवून त्यांनी आधी जोते, मग दोन वर्षांनी खांब आणि छप्पर असे टप्प्याटप्प्याने घर पुरे केले. जोत्याच्या दगडांमधले सांधे शिंपल्यांच्या चुन्याचे आहेत. चुना भट्टीत भाजून, भिजवून, मुरवून मग चुन्याच्या घाण्यात मळायचा. त्याला उन्हाळा पुरत नसे. छपराचा सारा भार सागाच्या खांबांवर आणि आढ्यावर. विटांच्या भिंती केवळ आडोशाला.

पूर्वी या घरावर गावच्या कुंभाराने केलेली नळीची कौले होती. त्यांची दर वैशाखात शाकारणी करावी लागे. माकडे, मांजरे आणि नारळाच्या झावळ्या मिळून वर्षभरात जेवढी कौले सरकवत किंवा फोडत, तेवढी पावसाआधी उतरवून, साफ करून पुन्हा लावायची. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्रावर दाबलेल्या चपट्या कौलांचा कारखाना काढला, आणि ही कौले गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वर येऊ लागली. तीही पुढे याच घरावर चढली. आजोबांनी गोठ्यातून एक उलटे कौल आणून दाखवले. वरची बाजू शेवाळाने काळी पडलेली, पण खालची बाजू भट्टीतून आज निघाल्यासारखी तांबडी, आणि तिच्यावर कारखान्याचे इंग्रजी ठसे. कडेला एका कोपऱ्यात कुत्र्याच्या पावलाचा ठसा होता. ओल्या मातीवरून मंगळूरचे एखादे कुत्रे चालत गेले असणार, आणि ते पाऊल भाजले जाऊन नागावात आढ्याखाली नव्वद वर्षे राहिले. लहानपणी ताप आला की आपण माजघरात पडून ते पाऊल शोधत असू, असे आजोबा म्हणाले.

ते कौल आता गोठ्यात आहे, कारण घरावर कौले राहिलेली नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. टाळेबंदीचे दिवस, मुंबईची माणसे अडकलेली, घरात आजोबा-आजी दोघेच. दुपारी वारा सुटला तेव्हा दोघे देवघरात पाटाखाली डोके घालून बसली. आधी समुद्राकडच्या बाजूची कौले पत्त्यांसारखी उडाली, मग वारा आत शिरला आणि त्याने रस्त्याकडची बाजू आतून उचलली. वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. खांब मात्र जागचे हलले नाहीत, आणि भिंतींवर भार नसल्यामुळे त्याही उभ्या राहिल्या. पुढे पाऊस तोंडावर, कौले कुठे मिळेनात, मिळाली तर लावणारा मिळेना. जे पत्रे हाती आले ते ठोकले. या सबंध रस्त्यावर निळे, लाल, हिरवे पत्रे इतके का दिसतात, याचे हे उत्तर आहे. ते पाहून नाके मुरडणाऱ्यांत कालपर्यंत मीही होतो.

रात्री पत्र्यावर झावळी घासल्याचा आवाज येत राहिला. कौलांखाली तो येत नसे, असे आजी दोनदा म्हणाल्या.

तिसरा दिवस : चौल

नागावच्या हटाळ्यातून चौलकडे जाताना वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, पाहावेत. साध्या काळ्या दगडांत मध्येच एखादा घडीव चिरा दिसतो, कधी त्याला कमळाची अर्धी पाकळी असते, कधी खोबणी. हे दगड मुळात गडग्यासाठी घडवलेले नाहीत, हे उघड आहे.

चौल हे आज शांत, सावलीचे गाव आहे, आणि ते एके काळी जगातले नावाजलेले बंदर होते यावर विश्वास बसायला वेळ लागतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत 'चेमुल' इथल्या दात्यांचे उल्लेख आहेत. त्यांत एक सोनाराच्या घरातलाही आहे. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी इथल्या सोनाराकडे घर चालवून वर लेण्याला दान देण्याइतके शिल्लक पडत होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब प्रवासी इथे आला, तेव्हा त्याला येथे स्थायिक झालेल्या मुसलमानांची मोठी वस्ती दिसली. १४६९ मध्ये अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला. तो घोडा विकून फायदा करण्याचा त्याचा बेत होता आणि त्यापायी त्याला पुढे बराच मनस्ताप झाला.

या साऱ्यांची घरे कुठे गेली? याचे उत्तर अंशतः वाडीत आहे. रस्त्यापासून थोडे आत, नारळीच्या सावलीत हमामखाना उभा आहे. घुमटाच्या भोकांतून उजेडाचे गोल कवडसे खालच्या पाचोळ्यावर पडतात. पाण्याच्या वाटा भिंतीतून गेलेल्या दिसतात. स्नानगृह म्हणजे चैन, आणि तेवढी चैन उभारणाऱ्या शहराला केवढा तरी घरांचा पसारा असणार. पण भोवती जमिनीच्या वर काही नाही. चालताना पायाला मात्र सतत उंचवटे लागतात. माझ्याबरोबर आलेल्या वाडीवाल्याने पहार टेकवून दाखवली : वीतभर मातीखाली दगड वाजला. "इथं आळं खणायचं म्हणजे आधी जोतं निघतं," तो म्हणाला. निघालेले दगड तो बाजूला रचतो आणि पावसाळ्याआधी गडग्याला लावतो. त्याच्या आजोबांनीही तेच केले होते. हे वारसा नष्ट करणे आहे, असे म्हणण्याचा मोह मला झाला, पण त्याच्या विहिरीच्या पायरीला बसवलेला कोरीव चिरा पाहून तो गिळला. चिरा रोज धुतला जात होता, वापरात होता आणि पाय घसरू नये म्हणून नक्षीची बाजू मुद्दाम वर ठेवली होती.

रामेश्वराच्या देवळात दुपार काढली. पुढे दगडी पुष्करणी, दीपमाळ, आणि सभामंडपाला चक्क घरासारखे उतरते छप्पर. कोकणातली देवळे घराच्या घडणीची असतात, कारण पाऊस देव आणि माणूस असा भेद करत नाही. मंडपात जमिनीखाली कुंडे आहेत. त्यांतले पर्जन्यकुंड अवर्षणातच उघडायचे, एरवी शिळा बसवलेली, अशी परंपरा आहे.

चौलच्या आळीत एक जुने घर वादळानंतर पुन्हा कौलारू केलेले पाहिले. मालक मुंबईत असतात. पडलेल्या घरांची जुनी कौले त्यांनी चार गावांतून गोळा केली आणि त्यासाठी त्यांना दोन वर्षे लागली, असे शेजारी सांगत होते. छपरावर त्यामुळे तीन छटांचे पट्टे दिसतात. मला हे घर फार आवडले.

चौथा दिवस : रेवदंडा

चौल कुठे संपते आणि रेवदंडा कुठे सुरू होतो, हे कळत नाही. किल्ल्याची भिंत आडवी आली की समजते. पोर्तुगीजांनी निजामशाहाच्या परवानगीने १५२१ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, १५७०-७१ मध्ये निजामशाहीचाच प्रदीर्घ वेढा सोसला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हवाली केला. आजचा रस्ता या तटातूनच जातो. एस.टी. वेशीत शिरताना चालक आरसा आत वळवून घेतो. हे मी डुलकीत असताना कधी पाहिले नव्हते.

आधी बेने इस्रायलांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर पाहिले. ते १८४२ मधले, म्हणजे अलिबागच्या मंदिराहून सहा वर्षांनी जुने. एका शाळेच्या आवारात निकितीनचे स्मारक आहे. तेही वाटेत पाहून घेतले.

मग आगरकोट. किल्ल्याला गावात हेच नाव आहे आणि ते अगदी बरोबर आहे, कारण आत सगळीकडे आगर म्हणजे वाड्याच आहेत. पोर्तुगीजांचे शहर गेले, त्याच्या चर्चच्या आणि घरांच्या भिंतींत माड-पोफळी लागल्या. फ्रान्सिस्कन चर्चचा सातखणी मनोरा अजून झाडांवर डोके काढून उभा आहे. नावाप्रमाणे तो सात मजल्यांचा होता, आता त्यातले काही मजले तेवढे उरले आहेत. त्याची उंची पाहून सगळे छायाचित्रे काढतात. मी त्याच्या पायथ्याशी बराच वेळ होतो, कारण दगड, विटा आणि शिंपल्यांचे तुकडे दिसणारा चुना असा तो तळ नागावच्या जोत्याशी सरळ नाते सांगत होता.

पुढच्या एका वाडीत चर्चची एक लांब भिंत गोठ्याची मागची भिंत झालेली आहे. कमानीला फळ्या मारून गवताचा माळा केला आहे. पलीकडे चर्चचेच जोते, कंबरभर उंच, घडीव, कोपरे अजून काटकोनात, आणि त्यावर उन्हात सुपारी पसरलेली. एक बाई हाताने ती परतत होत्या. मी जोत्याचा कोपरा पाहायला वर चढू लागलो, तेव्हा त्यांनी मान न उचलताच सांगितले, "कडेकडेनं जा. मधली काल टाकलीय, अजून ओली हाय."